अतिक्रमी, वाटसरू आणि भोगवटादार : अपकृत्य कायद्यातील एका उणिवेची चिकित्सा

प्रस्तावना

मुळा धरणाच्या कालव्यांमुळे नेवासा तालुक्यातील शेतीचे स्वरूप पालटले. सोनई व भेंडे येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊस हे महत्त्वाचे पीक ठरले. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबे परक्या जमिनीवर कोप्या घालून राहतात. त्यांची मुले जेथे खेळतात, तेथून जवळच एखादी कठडा नसलेली विहीर किंवा उघडी वीजपेटी असू शकते. अशा मुलास इजा झाल्यास उत्तरदायी कोण, या प्रश्नाला अपकृत्य कायदा देत असलेल्या उत्तराची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन

परक्याच्या जमिनीवर अधिकाराविना केलेला प्रवेश म्हणजे अतिक्रमण. दिवाणी दाव्यासाठी नुकसान किंवा दुष्ट हेतू सिद्ध करावा लागत नाही. फौजदारी अतिक्रमणास मात्र गुन्ह्याचा अथवा धमकावण्याचा, अपमान करण्याचा वा त्रास देण्याचा हेतू लागतो. भारतीय दंड संहितेच्या कलम 441 मधील ही व्याख्या 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 मध्ये आली आहे.

अतिक्रमीबाबत भोगवटादाराचे कर्तव्य काय, याविषयी इंग्लंडचा कायदा क्रमाने बदलला. 1929 च्या अॅडी खटल्यात अतिक्रमी बालकाप्रती सावधगिरीचे सर्वसाधारण कर्तव्य नाकारले गेले. 1972 च्या हेरिंग्टन खटल्यात, मोडक्या कुंपणातून विद्युतभारित रेल्वेमार्गावर गेलेल्या मुलाच्या बाबतीत, माणुसकीचे किमान कर्तव्य मान्य झाले. पुढे 1984 च्या अधिनियमाने ते संहिताबद्ध केले.

भारतात भोगवटादाराच्या दायित्वाचा असा स्वतंत्र सर्वसाधारण अधिनियम नाही. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या 1963 साली निर्णीत खटल्यात, शौचालयाच्या वाटेवर उघडी वीजवाहक तार लावून शेजारणीच्या मृत्यूस कारणीभूत ठरलेल्या आरोपीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. अतिक्रमी कायद्याच्या संरक्षणाबाहेर नसतो, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. तथापि ते मुख्यतः निषेधात्मक आहे. सापळा लावू नये, असे ते सांगते. विहिरीस कठडा बांधावा, असे सांगत नाही.

ही उणीव सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या कूपनलिकांविषयीच्या निर्देशांनी अंशतः भरून काढली. खोदकामापूर्वी 15 दिवस लेखी सूचना, कुंपण, सूचनाफलक, झाकण व निकामी कूपनलिका बुजवणे ही विधायक कर्तव्ये त्यांत आहेत. परंतु हे निर्देश कूपनलिकांपुरते आहेत. जुन्या उघड्या विहिरीचा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

दुसरी अडचण प्रवेशकर्त्याच्या वर्गीकरणाची आहे. ग्रामीण जीवनात अतिक्रमी व वाटसरू यांतील सीमारेषा बांधासारखीच अरुंद असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 बांधावरून वाट देते. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 नुसार वाटेतील अडथळा दूर करता येतो. बांधावरून हक्काने चालणारा माणूस चार पावले बाजूस गेला की त्याचे संरक्षण घटावे, हे न्यायास धरून नाही.

तिसरी अडचण ‘भोगवटादार’ या शब्दाचीच आहे. महसुली भाषेत तो वर्ग 1 किंवा वर्ग 2 चा धारक असतो. अपकृत्य कायद्यात मात्र जागेवर ज्याचे नियंत्रण, तो भोगवटादार. 1966 च्या व्हीट विरुद्ध लॅकन निर्णयानुसार एकाच जागेचे असे अनेक भोगवटादार संभवतात. त्यामुळे केवळ सातबाऱ्यावरील नाव पाहून दायित्व ठरवणे अपुरे आहे. कोप्यांची जागा कारखान्याने वा ठेकेदाराने ताब्यात घेऊन दिली असेल, तर नियंत्रणाच्या प्रमाणात तोही उत्तरदायी ठरावयास हवा.

समारोप

विधायक कर्तव्याचा भार अल्पभूधारकास पेलणार नाही, हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. म्हणूनच प्रवेशकर्ता कोणत्या वर्गातील, याऐवजी धोका ठाऊक होता काय, मुलांचा वावर अपेक्षित होता काय आणि उपाय आवाक्यातील होता काय, या तीन कसोट्या स्वीकारणे इष्ट होय. ज्याने मजुरांना तेथे वसवले, त्याने खर्चाचा वाटा उचलणेही त्यातूनच ओघाने येते. जमिनीची हद्द मालकी ठरवते. मनुष्यजीवाविषयीचे कर्तव्य त्या हद्दीवर संपू नये.