विटाळाचे भय आणि साक्षीचे वाङ्मय

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘साक्ष’ या शब्दाला मोठा मान आहे. पूर्वी आपण देवदेवस्की, भुतेखेते, शकुन-अपशकुन आणि विटाळ यांच्या भयाखाली कसे दबलेले होतो, आप्तांनी व समाजाने कसा विरोध केला, आणि ख्रिस्तावरील श्रद्धेने ते भय कसे गेले, हे चारचौघांत उभे राहून सांगणे म्हणजे साक्ष. 1854 साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र त्याच जातीचे. 1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनीही आपली साक्ष लिहिली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (1934-36) ही या परंपरेतली सर्वांत थोर कृती. प्रस्थापित समीक्षेने तिच्यातला विनोद वाखाणला, प्रांजळपणा वाखाणला, पतिपत्नीचे नाते वाखाणले. दलित वाचकाने मात्र तिला वेगळाच प्रश्न विचारला पाहिजे. हे जे भय गेले, ते कुणाचे होते? आणि ज्याच्या स्पर्शाचे ते भय होते, तो माणूस या साक्षीत कुठे उभा आहे?

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेला नाही. मी गुरुकुंज मोझरीला राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो. तुकडोजी महाराजांनी 1935 साली येथे आश्रम उभारला, सर्वांना एका ओळीत बसवून सामुदायिक प्रार्थना सुरू केली. नवसापायी कोंबडी-बकरी कापणाऱ्यांना कीर्तनातून फैलावर घेणाऱ्या गाडगेबाबांचे शेंडगाव याच अमरावती जिल्ह्यातले. अशा भूमीत भीती उरली नसेल, असे बाहेरच्याला वाटेल. ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना मी मुलांना सांगितले, घरात कशाचे भय वाटते ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका. चिठ्ठ्यांत करणी निघाली, मरीमाय निघाली, अमावस्या निघाली. एकीत लिहिले होते, ‘आडनाव सांगायची भीती वाटते.’ आणि जिची आई आजारपणात ख्रिस्ती प्रार्थनेला जाऊ लागली होती, तिने लिहिले होते, ‘मायचं भूत गेलं, गावाचं भेव गेलं नाही.’

साक्षीच्या वाङ्मयाची अख्खी समीक्षा या एका वाक्यात आहे, असे मला वाटते. भय दोन प्रकारचे असते. एक न दिसणाऱ्याचे, दुसरे दिसणाऱ्याचे. पहिले श्रद्धेने जाऊ शकते, विवेकानेही जाऊ शकते. दुसरे मात्र नुसत्या श्रद्धेने जात नाही, कारण ते मनात नसते, गावात असते.

आता ‘स्मृतिचित्रे’ पाहू. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना 1857 च्या धामधुमीत फाशी झाली. त्या घटनेनंतर वडिलांना सोवळ्याने अक्षरशः झपाटले. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात येईना. मुलाबाळांचे, बायकामाणसांचे जगणे त्या धास्तीने व्यापले. या प्रकरणाला आपले समीक्षक हसून पुढे जातात. मला ते मराठीतले अस्पृश्यतेवरचे एक महत्त्वाचे प्रकरण वाटते. फाशी देणारे सरकार बलाढ्य होते, त्याचे काही करता येत नव्हते. तेव्हा ते भय खालच्या दिशेने वळले आणि दुबळ्याच्या सावलीवर जाऊन बसले. विटाळ ही केवळ पोथीतली कल्पना नाही, सत्तेपुढे हतबल झालेल्या माणसाने आपल्याहून हतबल माणसावर उगवलेला तो सूड आहे, असा अर्थ या प्रकरणातून निघतो. लक्ष्मीबाई तो सिद्धान्त म्हणून मांडत नाहीत. त्या फक्त घर दाखवतात. पण इतक्या जवळून सवर्णांचे भय कोणी दाखवले आहे?

पुढे नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून दुरावला, मूल पदरात, नातेवाइकांचा आक्रोश. काही वर्षांनी त्या नगरला पतीकडे आल्या, तरी चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळे ठेवले. मग एके दिवशी त्यांना प्रश्न पडला, की जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा निश्चय बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे. आधी पाणी, मग पाळक. विटाळाचे भय एखाद्या मंत्राने गेले नाही, पेला ओठाला लावल्याने गेले. श्रद्धेने त्या पेल्यापर्यंत जाण्याचे बळ दिले असेल, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या कृतीने भय मेले ती कृती सामाजिक होती.

लक्ष्मीबाईंचा दुसरा मोठेपणा असा, की आपल्याला झालेल्या विरोधाला त्या सैतानाचे नाव देऊन मोकळ्या होत नाहीत. विरोध करणारी माणसे त्या माणसे म्हणूनच रंगवतात. कोणी सासरचे, कोणी माहेरचे, कोणी ओवाळणारे, कोणी टाकून बोलणारे. साक्षीच्या सर्वसाधारण वाङ्मयात असे होत नाही. तेथे संकट आले की ‘आत्मिक विरोध’ म्हणतात. दलित माणसाच्या बाबतीत ही भाषा घातक आहे. विहीर बंद करणारा सैतान नसतो. त्याला नाव असते, आडनाव असते, सातबारा असतो. मजुरी तोडणाऱ्यावर फिर्याद करता येते, सैतानावर करता येत नाही.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्यांच्या स्थितीवरील त्यांचे लेखन 1989 साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यात त्यांचा आक्षेप नेमका आहे. अस्पृश्याला आपली अधोगती समाजरचनेमुळे झाली हे ठाऊक असते. धर्मांतरानंतर त्याला शिकवले जाते, की ती तुझ्याच पापामुळे झाली. मग तो लढणार कोणाशी? येशूच्या शिकवणुकीचा हा दोष नव्हे, ती शिकवणूक दुबळ्यापर्यंत पोहोचवताना तिच्यातली धग काढून घेणाऱ्यांचा हा दोष आहे.

नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांगांतून आलेला. लक्ष्मीबाई त्यांच्यात राहिल्या, वावरल्या. त्यांच्या पुस्तकात ही माणसे येतात, पण त्यांच्या भयाचा इतिहास येत नाही. ब्राह्मण बाईने महाराच्या हातचे पाणी प्यायले ही मोठी घटना ठरते. त्या महाराने ब्राह्मण बाईच्या हाती पाणी दिले, तेव्हा त्याचा हात थरथरला का, हे कोणी लिहिले? तिने फार तर जात गमावली असती. त्याने पूर्वी असे धाडस केले असते, तर पाठीची सालटी निघाली असती. दोघांचे भय सारखे नाही, म्हणून दोघांची मुक्तीही सारखी नाही.

ती बाजू लिहिता येत नव्हती असे मात्र नाही. जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग मुलीने 1855 साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. मिशनऱ्यांच्याच ‘ज्ञानोदया’त तो छापला गेला. बाळंतपणात आपल्या बायांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने सांगितले, आणि जुलूम करणारे कोण तेही सांगितले. पुढे ज्या पत्राचे काम खुद्द टिळकांनी पाहिले, ते हेच पत्र. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती. पण निर्भय साक्ष कशाला म्हणतात, हे तिने दाखवून ठेवले.

आणि आपण बौद्ध? 1956 साली नागपुरात आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातले देव काढले, न दिसणाऱ्याचे भय झटक्यात फेकले. ही क्रांती लहान नाही. पण 2006 साली खैरलांजीत बौद्ध भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारणारे भूतपिशाच नव्हते, गावच होते. ख्रिस्ती दलिताला तर आणखी एक भय आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. 2022 साली केंद्राने या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला. धर्म उघड करावा तर सवलत जाते, अशा माणसाने साक्ष द्यायची कशी? त्याच्या मौनाला अश्रद्धा म्हणणारा पाळक आणि लाचारी म्हणणारा कार्यकर्ता, दोघेही त्याच्यावर अन्याय करतात.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ आपण टाकून देऊ नये, आणि डोक्यावरही घेऊ नये. विटाळ पाळणाऱ्याच्या मनातले भय कसे जन्मते आणि कसे मरते, याचा तो अस्सल दस्तऐवज आहे. उरलेले अर्धे पुस्तक आपल्याला लिहायचे आहे. ते लिहिणारा ख्रिस्ती असेल, बौद्ध असेल, कोणताच धर्म न मानणारा असेल. भूत कसे गेले ते त्याने जरूर लिहावे. पण गाव कोठे आडवे आले, कोण आडवे आले आणि त्यांच्यासमोर आपण कसे उभे राहिलो, हे नावानिशी लिहिल्याशिवाय त्याची साक्ष पुरी होणार नाही.