एकवाक्यतेचा हट्ट : 'स्टार ट्रेक'चे चाहते आणि मराठी श्रोता

मराठी समीक्षेने आस्वादकाचा विचार केला तो बहुतेक वेळा एकवचनात. सहृदय असो, रसिक असो, की ग्रहणसिद्धान्ताच्या वाटेने आलेला अभिप्रेत वाचक असो, तो कलाकृतीसमोर एकटा बसलेला असतो आणि त्याच्या मनात जे घडायचे ते दुसऱ्या कुणाशी बोलण्यापूर्वीच घडून गेलेले असते. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाला शेजारच्या प्रेक्षकाची गरज नाही. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील ताण अत्यंत सूक्ष्मपणे उलगडला आहे. परंतु तो ताण अनुभवणारी व्यक्ती दोन्ही ध्रुवांवर एकटीच आहे. भरतमुनींचे तसे नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाविषयी वाद उपस्थित झाल्यास निवाडा करणाऱ्या प्राश्निकांची यादी येते. तीत यज्ञकर्म जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, राजसेवक असे अनेक आहेत. रंगावर बाण सुटला तर तो नीट सुटला की नाही, हे धनुर्धराने सांगावयाचे. प्रेक्षक येथे अनेकवचनी आहे, भांडणारा आहे आणि प्रत्येकाचे जाणतेपण निराळे आहे. पुढील काव्यशास्त्राने या गर्दीतून एक सहृदय उचलला आणि बाकीच्यांना घरी पाठविले.

ही घरी पाठविलेली मंडळी विसाव्या शतकात पुन्हा एकत्र आली ती एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेभोवती. 'स्टार ट्रेक' ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि तीन हंगामांत ७९ भाग होऊन १९६९ मध्ये बंद पडली. तिसरा हंगाम मिळाला त्यामागे १९६७-६८ च्या हिवाळ्यात प्रेक्षकांनी वाहिनीकडे पाठविलेल्या पत्रांचा मोठा वाटा मानला जातो. मालिका बंद पडली, चर्चा मात्र थांबली नाही. चक्रमुद्रित पत्रिका निघाल्या, संमेलने भरली, पात्रांवर नव्या कथा लिहिल्या गेल्या. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये या व्यवहाराचे विवेचन करताना मिशेल द सर्तो यांचे रूपक वापरले : वाचक म्हणजे दुसऱ्याच्या रानात शिरून चोरटी शिकार करणारा. हे रूपक पुढे इतके रूढ झाले, की चाहत्यांच्या चर्चेविषयी बोलायचे म्हणजे प्रतिकार, मालकी आणि सत्ता यांविषयीच बोलायचे, असा पायंडा पडला. त्यात तथ्य आहे. परंतु चाहते प्रत्यक्षात एकमेकांशी काय बोलतात हे पाहिले, तर शिकाऱ्यापेक्षा वेगळीच एक आकृती समोर येते, आणि ती मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. मालिकेच्या अगदी आरंभीच्या एका भागात गॅरी मिचेल हा अधिकारी अतिमानुष शक्ती प्राप्त झाल्यावर आपला मित्र आणि कप्तान कर्क याच्यासाठी थडगे निर्माण करतो. त्यावर नाव कोरलेले आहे 'जेम्स आर. कर्क'. पुढे सर्वत्र कर्कचे नाव 'जेम्स टी. कर्क' असे येते. चूक निर्मात्यांची आहे हे कोणत्याही चाहत्याला ठाऊक असते. तरीही चर्चा तेथे संपत नाही, तेथून सुरू होते. मिचेलचे भान सुटत चालले होते म्हणून आद्याक्षर चुकले असे कुणी म्हणतो. ती दोघा मित्रांमधील जुनी थट्टा होती असे कुणी सुचवितो. आणि 'टी' म्हणजे काय? 'टायबेरियस' हे नाव प्रथम उच्चारले गेले ते १९७४ मध्ये, सचित्र चलत्पटांच्या रूपात आलेल्या मालिकेच्या एका भागात, ज्याचे लेखक डेव्हिड जेरोल्ड होते. ही चलत्पट मालिका प्रमाण मानावी की नाही याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. पुढे १९९१ च्या चित्रपटात ते नाव पडद्यावर उच्चारले गेले आणि मगच ते निर्विवाद झाले. स्मृतीत सापडलेले वचन श्रुतीत मिळावे तसा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीचे. साठच्या दशकातील मालिकेत त्यांचे कपाळ माणसासारखे सपाट आहे. १९७९ च्या चित्रपटापासून त्यावर हाडांच्या वळ्या आल्या. कारण उघड आहे : चित्रपटाला पैसा अधिक होता. परंतु चाहत्यांनी रंगभूषेचे हे कारण उत्तर म्हणून स्वीकारले नाही. कुणी दोन वंश कल्पिले, कुणी रोग. १९९६ मध्ये आलेल्या एका भागात वॉर्फ या क्लिंगॉन पात्राला नेमका हाच प्रश्न विचारला जातो आणि आम्ही हे बाहेरच्यांशी बोलत नाही, अशा आशयाचे उत्तर तो देतो. विनोद उत्तम होता, पण शंका तशीच राहिली. २००५ मध्ये दोन भाग खर्ची घालून एका विषाणूची कथा रचण्यात आली आणि कपाळे जुळविण्यात आली. सुमारे पंचवीस वर्षे चाललेल्या शंकेला मूळ संहितेने दिलेले हे समाधान आहे.

शंका आणि समाधान हे शब्द येथे सहज आलेले नाहीत. परस्परविरोधी दिसणाऱ्या वचनांपैकी एकही न टाकता त्यांचा मेळ घालावयाचा, ही मीमांसकांची रीत. एकवाक्यता ही त्यांची आवडती संज्ञा. चाहत्यांच्या चर्चेची संपूर्ण यंत्रणा हीच आहे : काय प्रमाण, काय गौण, विरोध दिसल्यास कोणते वचन बलवत्तर, आणि काहीच जुळत नसेल तर कोणती कल्पना केली असता सर्व वचने सार्थ ठरतात. फरक एकच, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मीमांसकासाठी वेद अपौरुषेय आहे, म्हणून त्यात चूक असूच शकत नाही. चाहत्यासाठी मालिका कमालीची पौरुषेय आहे. लेखक कोण, दिग्दर्शक कोण, पैसा किती हे त्याला पाठ असते. चूक आहे हे जाणून ती चूक नाही असे सिद्ध करण्याचा तो हट्ट धरतो. या हट्टात एक निखळ क्रीडा आहे. जे समीक्षक तिला अपरिपक्वता म्हणतात, त्यांनी चाहत्याला भाबडा समजण्याची चूक केलेली असते. भाबडा माणूस थडग्यावरचे आद्याक्षर पाहतच नाही.

ही क्रीडा मराठी श्रोत्याला किती जवळची आहे हे पाहण्यासाठी ग्रंथालयात जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर-दौंड पट्ट्यातले निमोण्यासारखे एखादे गाव डोळ्यांसमोर आणले तरी पुरे. घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा, आणि त्या जिल्ह्यात मढीचे कानिफनाथांचे स्थान. 'नवनाथ भक्तिसार' ही धुंडीसुत मालूंची १८१९ मधली चाळीस अध्यायांची पोथी या सगळ्या मुलखात घरोघर वाचली जाते. तीत मच्छिंद्रनाथ स्वतःचा देह ठेवून त्रिविक्रम राजाच्या मृत देहात प्रवेश करतात. मागे ठेवलेला देह गोरक्षाने सांभाळावयाचा असतो; राणी रेवतीला भेद कळतो आणि ती त्या देहाचे तुकडे करविते. आता श्रोत्यांच्या शंका पाहा. राज्य करीत होता तो कोण, राजा की नाथ? रेवतीला पुत्र झाला, तो कुणाचा? देहाचे तुकडे होऊनही नाथ मरत नाहीत, तर मग तो सांभाळायचा कशासाठी? पोथीवर श्रद्धा असणाराच हे प्रश्न विचारतो, कारण ज्याची श्रद्धा नाही त्याला ती जुळविण्याची गरज पडत नाही.

'स्टार ट्रेक'मधील माणसे एका यंत्रात उभी राहतात, त्यांचे कण विलग होतात आणि ग्रहावर पुन्हा जुळून येतात. या यंत्राचा जन्म काटकसरीतून झाला. दर भागात यान उतरविण्याचे चित्रण परवडणारे नव्हते. परंतु त्याने प्रश्न उभा केला तो मच्छिंद्रनाथांचाच. पलीकडे उतरलेला माणूस तोच, की त्याची नक्कल? १९६६ मधल्या एका भागात यंत्र बिघडून कर्कचे दोन कर्क होतात. जेम्स ब्लिश यांची १९७० मधली कादंबरी याच शंकेने सुरू होते, आणि डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या आपल्या तात्त्विक ग्रंथात वैयक्तिक तादात्म्याच्या चर्चेसाठी अशाच यंत्राची कल्पना वापरली. तत्त्वज्ञाच्या ग्रंथात जी शंका प्रतिष्ठित ठरते, ती पोथीच्या श्रोत्याने किंवा मालिकेच्या चाहत्याने विचारली की पोरकट का ठरावी?

मग मराठीत या मालिकेभोवती अशी चर्चा उभी का राहिली नाही? मालिका येथे आली होती. सिंहगडावरून पुण्याच्या परिसराला १९७३ पासून दूरदर्शन दिसू लागले होते, आणि ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' दाखविली जात असे. पण ती आली इंग्रजीत, आठवड्यातून एकदा, आणि गेली. चर्चेला संहिता पुन्हा पाहता यावी लागते. अमेरिकेत ती स्थानिक वाहिन्यांवरील पुनःप्रक्षेपणांमुळे पाहता आली. निमोण्यासारख्या गावात अँटेना फिरवून जे दिसले असेल ते बहुशः शब्दांवाचून दिसले असणार, आणि शब्दांवाचून शंका घेता येत नाही. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा परिस्थिती उलटी होती. मालिका नवी, परंतु संहिता पाठ. गावोगाव लोक एका संचासमोर बसत आणि हे असे नव्हते, ते तसे होते, म्हणून वाद घालीत. ७८ भागांची ती मालिका आणि ७९ भागांची 'स्टार ट्रेक' यांच्यात संख्येपलीकडे साम्य शोधणे अनेकांना धाडसाचे वाटेल, पण प्रेक्षकाच्या अंगाने ते आहेच.

आणि शिष्ट मराठी साहित्य तरी या वृत्तीपासून कुठे दूर आहे? १९६७ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्याच वर्षी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांची पहिली महत्त्वाची पत्रिका 'स्पॉकनेलिया' निघाली; त्याच वर्षी इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरे. परंतु विदुर हा धर्माचा पिता असावा काय, हा प्रश्न इरावतीबाई उपस्थित करतात तेव्हा त्या महाभारतात विखुरलेले दुवे एकत्र करून, संहितेच्या आतूनच, तिने न सांगितलेली गोष्ट अनुमानाने काढतात. 'मृत्युंजय' हे तर एका पात्रावर अन्याय झाला या जाणिवेतून झालेले पुनर्लेखन आहे, आणि तसेच पुनर्लेखन स्पॉकच्या वाचकांनीही केले. गुणवत्तेचा प्रश्न निराळा. 'युगान्त'ची भाषा आणि तिची निर्दयता चक्रमुद्रित पत्रिकांत शोधूनही सापडणार नाही. रीत मात्र एक आहे. एका ठिकाणी तिला चिकित्सा म्हणायचे आणि दुसऱ्या ठिकाणी वेड, हा भेद रीतीचा नसून संहितेच्या प्रतिष्ठेचा आहे.

प्रतिष्ठेइतकाच मालकीचाही भेद आहे आणि तेथे जेन्किन्स यांचे रूपक पुन्हा उपयोगी पडते. महाभारताला मालक नाही. सावंतांना कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही. क्लिंगॉनांच्या कपाळाचे समाधान मात्र शेवटी ज्याच्याकडे हक्क आहेत त्यानेच दिले, आणि ते दिल्याबरोबर चाहत्यांनी रचलेली सगळी समाधाने, त्यांतली काही अधिक सुरस असतीलही, एका रात्रीत अप्रमाण झाली. भाष्यकाराला इतक्या सहज गप्प करणारा वेद पूर्वी नव्हता.

मराठी विज्ञानकथेच्या समीक्षेला या सगळ्यातून जे घेता आले असते ते तिने घेतलेले नाही. 'स्टार ट्रेक' सुरू झाली त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या स्पर्धेतूनच १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने जयंत नारळीकर कथाकार म्हणून पुढे आले. पुढे लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी हा प्रकार स्थिर केला. या लेखनाला समीक्षेने दोनच प्रश्न विचारले. यातले विज्ञान बरोबर आहे काय? आणि हे साहित्य आहे काय? पहिला प्रश्न कथेबाहेरील शास्त्राकडे नेतो, दुसरा कथेबाहेरील निकषांकडे. या कथेने उभे केलेले जग स्वतःशी जुळते काय, हा तिसरा प्रश्न, जो चाहता सर्वप्रथम विचारतो, तो जवळजवळ विचारलाच गेला नाही. नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'सारख्या कथेत आरशातल्याप्रमाणे उलटलेला माणूस येतो. त्याच्या शरीराचे, अन्नाचे, हस्ताक्षराचे पुढे काय होईल, या शंकांवर वर्गात एक तास घालविला तर विद्यार्थी कथेच्या रचनेत जितके खोल जातील तितके 'विज्ञान आणि कल्पना यांचा सुरेख संगम' हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहून जाणार नाहीत.

दोष केवळ समीक्षकांचा नाही. मराठी विज्ञानकथा मुख्यत्वे दिवाळी अंकात वाढली. एक कल्पना, एक कलाटणी, दहा-बारा पाने, आणि कथा संपताच तिचे जगही संपले. पुढच्या दिवाळीत लेखक नवे जग घेऊन येतो. ज्या जगात वाचकाला पुन्हा जाता येत नाही, त्यातील विसंगतीवर तो भांडणार कसा? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तकात भेटत राहिला, म्हणून फुरसुंगीच्या त्या पोराचे वय वाढते की नाही, यावर वाद घालता येतो. शास्त्रज्ञ-लेखकांच्या बहुतेक नायकांची नावेही वाचकाला आठवत नाहीत. हा उणेपणा कल्पनाशक्तीचा नाही, प्रकाशनाच्या रीतीचा आहे. पण त्याचा परिणाम वाङ्मयप्रकारावर झाला.

पोथी ऐकत वाढलेला मुलगा निमोण्याहून पुण्याच्या महाविद्यालयात येतो आणि मराठीच्या वर्गात बसतो, तेव्हा त्रिविक्रमाच्या देहात कोण होते हा प्रश्न विचारण्याची सवय त्याच्यापाशी असते. वर्ग त्याला आशयसूत्र, निवेदक, प्रतिमा हे शब्द देतो. ते आवश्यकच आहेत. परंतु ते आत्मसात करताना आपली शंका अडाणीपणाची होती अशी त्याची समजूत होते, आणि ती तो पुन्हा मोठ्याने विचारीत नाही.