पासोडी, भिंत आणि हत्ती

आमच्या अंबाजोगाईला लिहिण्याची खोड जुनी. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांब नि ४ फूट रुंद कापडावर ‘पासोडी’ लिहिली. चारशे वर्षं झाली, ती अजून गावात आहे. मी शहाणा, मी एका बड्या कंपनीच्या ‘भिंती’वर लिहिलं. एके सकाळी खातं बंद. कारण? ‘नियमभंग’. कुठला नियम, हे सांगायला माणूसच नाही! माझ्या लिखाणाचं सोडा, वाचक सुटले असतील. पण त्याखाली आमच्या गेलेल्या मित्राचे तिरकस शेरे होते हो. ते कुठं शोधायचे?

पुण्याचा भाचा म्हणाला, “मामा, मॅस्टोडॉनवर या. तिथं एक मालक नसतो.”

मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला चुलता. बारशाला ज्योतिषी बोलावलेला दिसत नाही. २०१६ साली जर्मनीतल्या ऑयगेन रोख्कोनं हे काढलं. गावोगावचं पोस्ट गावकऱ्यांनीच चालवावं, तरी केजचं पत्र परळीला पोचावं, अशी ही कल्पना. जाहिरात नाही, मजकूर आला त्या क्रमानं दिसतो. २०१९ मध्ये ॲड. संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा आपल्याकडची बरीच मंडळी तिकडं गेली. २०२२ मध्ये मस्कसाहेबांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, तेव्हा जगभरची गेली. गेली, वाडा पाहिला, आणि पुष्कळशी परत आली.

का आली, हे बीड जिल्ह्याला समजावून सांगायला नको. ऊसतोडीला निघालेल्याला मुकादम कसा आहे ते चांगलं ठाऊक असतं. पण उचल घेतलेली असते, नि अख्खी टोळी त्याच्याच ट्रकमध्ये बसलेली असते. एकट्यानं उतरून जायचं कुठं?

शिवाय दारातच प्रश्न: “कुठला सर्व्हर?” आम्ही लग्नात कुठल्या पंगतीला बसायचं तेसुद्धा बायकोला विचारतो! त्यात तो सर्व्हर कुणीतरी हौसेनं, पदरमोड करून चालवणार. तो कंटाळला की दुकान बंद. आधी कळलं तर बिऱ्हाड हलवता येतं, अनुयायी बरोबर येतात. जुना मजकूर मात्र तिथंच राहतो. म्हणजे मित्राचे शेरे तिथंही गेलेच असते. एवढं भाच्यानं सांगितलं नव्हतं.

तरी खातं काढलंय. मालकाच्या मर्जीपेक्षा शेजाऱ्याचा कंटाळा परवडला. तीन आठवड्यांत एक चाहता मिळाला, तो भाचाच.

शेरे आठवतील तसे वहीत उतरवतोय. आणि कापडवाल्याकडं मांजरपाटाचा भाव विचारून ठेवलाय, ४० फुटांचा.