कचऱ्यातली ऊर्जा : घोषणा आणि गणित

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात 'कचऱ्यापासून वीज' हा तक्ता हटकून असतो. डावीकडे कचऱ्याचा ढीग, मध्ये एक चौकोन, उजवीकडे पेटलेला दिवा. परीक्षक म्हणून गेलो की आम्ही एकच प्रश्न विचारतो : या कचऱ्यात पाणी किती? उत्तर बहुधा मिळत नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. मोठ्यांच्या जाहीर घोषणांमध्येही तो मधला चौकोन रिकामाच असतो.

तो रिकामा ठेवणे किती महाग पडते, हे दिल्लीने पाहिले आहे. १९८७ साली तिमारपूर येथे डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा जाळून ३.७५ मेगावॉट वीज मिळवायची होती. भट्टीला किलोमागे सुमारे १४६० किलोकॅलरी देणारा कचरा हवा होता. दिल्लीचा कचरा ६०० ते ७००च देत होता. चाचणीच्या जेमतेम तीन आठवड्यांत भट्टी थंडावली.

असे का व्हावे? एक किलो मिश्र कचऱ्यात ढोबळमानाने अर्धा किलो पाणी, पाव किलो माती-राख आणि पाव किलो जळणारा भाग धरू. कोरडा सेंद्रिय पदार्थ किलोमागे सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता देतो. म्हणजे पाव किलोचे १०००. पण अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यातच ३०० किलोकॅलरी जातात. हाती उरतात ७००. हिशोब आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमावा असा आहे. तो यंत्रे मागवण्यापूर्वी व्हायला हवा होता.

मग युरोपात हे कसे जमते? तिथल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक अधिक. आपल्याकडे याच वस्तू कचरावेचक आधी वेचून नेतात आणि त्यावर पोट भरतात. भट्टी पेटती राहावी म्हणून त्या कचऱ्यातच ठेवायच्या, तर या माणसांची रोजी जाते. दिल्लीतच ओखला येथे २०१२ मध्ये सुरू झालेली भट्टी पुढे चालली, हे खरे. पण तिच्या धुराविरुद्ध रहिवाशांना न्यायालयात जावे लागले.

ओला कचरा जाळण्यापेक्षा बंद टाकीत कुजवून बायोगॅस मिळवणे शहाणपणाचे. तिथे पाणी अडचण ठरत नाही, उलट ते लागतेच. मात्र इथेही गणित सोडू नये. चौघांच्या घरात रोज एक किलो ओला कचरा निघतो असे मानू. त्यात कोरडा भाग सुमारे २०० ग्रॅम. पैकी १५० ग्रॅम जिवाणूंना पचला असे धरू. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून मिथेनचे तीन मोल मिळतात. त्या हिशोबाने आपल्याला ५६ लिटर मिथेन, म्हणजे साधारण ४३ ग्रॅम एलपीजीइतकी उष्णता मिळेल. १४.२ किलोचे सिलिंडर महिनाभर पुरवणाऱ्या घराला रोज ४७० ग्रॅम लागतात. म्हणजे गरजेचा दहावा हिस्साही भागत नाही. वसतिगृह, खानावळ, भाजीमंडई, गोठा अशा ठिकाणी मात्र एकाच जागी भरपूर ओला माल मिळतो. बायोगॅसची खरी जागा तिथे आहे.

जाळणे सर्वत्र वाईट, असे आमचे म्हणणे नाही. उसाच्या चिपाडातही निम्मे पाणीच असते. पण उरलेला निम्मा भाग जवळजवळ सगळा जळणारा, माती नाममात्र. शिवाय ते उसाबरोबर आपोआप कारखान्याच्या दारात येते. म्हणून महाराष्ट्रातले अनेक साखर कारखाने आपली गरज भागवून वीज विकू शकतात. याउलट पऱ्हाट्या आणि तुराट्या शेतोशेती विखुरलेल्या. त्या गोळा करून वाहून आणण्यातच नफा संपतो. आणि त्या 'टाकाऊ' तरी कुठे आहेत? कुणाच्या चुलीचे ते सरपण आहे, तसाच कडबा जनावरांचा चारा.

केंद्र सरकारने २०१८ साली 'सतत' योजनेत शुद्ध करून दाबाखाली भरलेल्या बायोगॅसचे ५००० प्रकल्प २०२३-२४ पर्यंत उभारण्याचे ठरवले. मुदत संपली तेव्हा प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही नव्हती. ऊर्जा पदार्थात असते हे खरे, पण पदार्थ कुठे आहे, किती ओला आहे आणि आज तो कोण वापरतो, हे विचारल्याशिवाय ती हाती येत नाही.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. शाळेच्या पोषण आहाराचा एक किलो ओला कचरा मुलांकडून वजन करून घ्यावा, आठवडाभर कडक उन्हात वाळवावा आणि पुन्हा तोलावा. तक्त्यातला रिकामा चौकोन भरायला सुरुवात तिथून होईल.