अक्वायनसची न्यायकल्पना आणि 'कर्तव्य' हा शब्द

थॉमस अक्वायनसच्या (निधन १२७४) नीतिमीमांसेत सद्गुण प्रधान व कर्तव्य गौण, असे मत पुष्कळदा मांडले जाते. 'सुम्मा थिओलॉजिए'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धाची रचना त्यास वरवर पोषकही आहे; तेथे आज्ञांचा विचार त्या त्या सद्गुणाच्या मागून येतो. परंतु सात सद्गुणांच्या १७० प्रश्नांपैकी ६६ एकट्या न्यायाचे आहेत आणि दशाज्ञांचे विवेचनही न्यायाच्याच प्रकरणात आहे, याकडे दुर्लक्ष होते. धैर्य व संयम मनुष्याच्या स्वतःच्या वृत्तीला वळण लावतात. न्याय ज्याचे त्याला देतो. ईश्वरोपासनाही अक्वायनसने न्यायाशीच जोडली, कारण तेही देणेच, मात्र पूर्ण न फिटणारे.

येथे 'देबितुम' हा लॅटिन शब्द निर्णायक ठरतो. त्याचा मूलार्थ 'देणे लागलेले'. मराठीत त्यास 'कर्तव्य' म्हटले, की केवळ 'करावयाचे' एवढेच उरते. ज्याचे देणे लागतो, तो माणूसच नाहीसा होतो. 'ऋण' अधिक जवळचे खरे. पण त्यासोबत आपली जन्मसिद्ध ऋणत्रयाची कल्पना येते, आणि अक्वायनस तर खरेदीविक्रीतील फसवणुकीचाही विचार याच प्रकरणात करतो. तेव्हा रुक्ष असला तरी 'देय' हाच शब्द पत्करावा.