शिरूर १९९४ : निवासी संस्थेतील काळजीची गुणवत्ता आणि ‘सोयी’चा युक्तिवाद

गोषवारा : फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर (जि. पुणे) येथील मतिमंद मुलींच्या शासकीय निवासी संस्थेतील ११ मुली व स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. या घटनेची चर्चा प्रामुख्याने हक्क व संमती या अंगांनी झाली. प्रस्तुत लेखात तिचा विचार काळजीच्या गुणवत्तेचा प्रश्न म्हणून केला आहे. संस्थेची अडचण ही प्रवेशिताची गरज म्हणून मांडली जाते, तेथे काळजीचा दर्जा ढासळतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : निवासी संस्था, बौद्धिक अक्षमता, मासिक पाळी, काळजीवाहक, गुणवत्ता.

प्रस्तावना

पुणे-नगर मार्गावरील घोड नदीकाठचे शिरूर आज रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. अपंगत्व व स्त्री-आरोग्य या विषयांच्या अभ्यासात मात्र शिरूरचे नाव १९९४ च्या उपरोक्त घटनेमुळे येते. आणखी काही जणींवर शस्त्रक्रिया व्हावयाच्या होत्या. स्त्री संघटना व आरोग्य कार्यकर्त्यांनी आवाज उठविल्यानंतर मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने त्या थांबविण्यात आल्या. त्या काळी रूढ असलेला ‘मतिमंद’ हा शब्द येथे तत्कालीन संदर्भातच वापरला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याऐवजी ‘बौद्धिक अक्षमता’ अशी संज्ञा आली आहे.

समर्थनाचे दोन आधार

शस्त्रक्रियांच्या समर्थनार्थ मुख्यतः दोन कारणे पुढे आली. पहिले कारण स्वच्छतेचे. या मुलींना पाळीच्या काळात स्वतःची काळजी घेता येत नाही, त्यामुळे त्यांना व संस्थेला त्रास होतो, असे सांगण्यात आले. दुसरे कारण लैंगिक अत्याचारातून गर्भधारणा होण्याच्या भीतीचे. दोन्ही कारणांत काळजीचा सूर असल्याने ती वरवर पाहता पटण्याजोगी वाटतात. म्हणूनच ती तपासून पाहणे आवश्यक ठरते.

प्रथम स्वच्छतेचा मुद्दा घेऊ. ज्या प्रवेशितेला पाळीच्या दिवसांत मदत लागते, तिला शौचाला जाताना, आंघोळ करताना, कपडे बदलतानाही मदत लागतेच. ही मदत रोजची आहे. गर्भाशय काढल्याने महिन्यातील चार-पाच दिवसांचे काम कमी होते. उरलेल्या दिवसांचे काम तसेच राहते. रोजची मदत पुरेशी असेल तर पाळीचे दिवस त्याच व्यवस्थेत सामावून घेता येतात. ती पुरेशी नसेल तर शस्त्रक्रियेनंतरही ती व्यक्ती अस्वच्छच राहणार. शिवाय त्या काळातील लेखनात एक बोलकी बाब नोंदविली गेली आहे. गळफास घेतला जाईल या धास्तीने तेथील मुलींना नाडीचे पायजमे आणि पट्ट्याचे सॅनिटरी पॅड वापरू दिले जात नव्हते. म्हणजे पाळीची स्वच्छता राखण्याचे साधन नियमानेच दूर ठेवले होते आणि त्यातून उद्भवलेली अस्वच्छता मुलींच्या अक्षमतेच्या खाती जमा झाली. नाडीऐवजी इलॅस्टिक लावणे हा शिवणकामाचा प्रश्न होता. तो शस्त्रक्रियागृहात सोडविण्यात आला.

दुसरा आधार अधिक गंभीर आहे. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही. अत्याचाराचा पुरावा ठरू शकणारी गर्भधारणा तेवढी टळते. जी मुलगी घडलेले शब्दांत सांगू शकत नाही, तिच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. संरक्षणाचे कर्तव्य संस्थेचे असताना त्याची किंमत मुलीच्या शरीराने मोजावी, असा या युक्तिवादाचा अर्थ होतो.

काळजीवाहकाची बाजू

येथे दुसऱ्या बाजूचा विचार न करणे अन्यायाचे होईल. शस्त्रक्रियेचा पर्याय सुचविणारे सर्वजण क्रूर होते, असे म्हणता येत नाही. अनेक पालकही अगतिक होऊन डॉक्टरांकडे अशी मागणी करतात. रात्रपाळीला एकट्या काळजीवाहक बाईवर अनेक प्रौढ स्त्रियांची जबाबदारी असेल, पाणी मोजकेच असेल, तर तिचा वैताग समजण्याजोगा आहे. मात्र या वैतागाचे खरे उत्तर पदभरती, प्रशिक्षण, पाणी आणि कपडे यांत आहे. विशेष शिक्षणात कोणतेही काम लहान लहान पायऱ्यांत विभागून, चित्रांच्या साहाय्याने, पुन्हा पुन्हा करवून शिकविण्याची पद्धत रुळलेली आहे. दात घासणे या पद्धतीने शिकविता येते, तसेच पॅड बदलणेही अनेकींना शिकविता येते. जिला ते जमणार नाही तिला मदत करणे, हेच निवासी संस्थेचे प्रयोजन होय.

कायदा आणि त्याची मर्यादा

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा शिरूरच्या घटनेनंतर लगेचच आला. परंतु शरीरावरील हक्काबाबत त्यात तरतूद नव्हती. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. २०१६ च्या कायद्याच्या कलम १० नुसार, अपंग व्यक्तीच्या स्वतंत्र व माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया तिच्यावर करता येत नाही. शिरूरचा प्रश्न कायद्याच्या भाषेत असा सुटला.

परंतु कायदा काय करू नये हे सांगतो. रात्री दोन वाजता कोणी उठावे, हे त्यात लिहिलेले नसते. ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील संस्थेतील मुलांच्या मृत्यूच्या बातम्यांनंतर मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्वतःहून दखल घेतली. २०११ मध्ये नवी मुंबईतील कळंबोलीच्या एका संस्थेत मतिमंद मुलींवर लैंगिक अत्याचार होत असल्याचे उघड झाले व २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींपैकी काहींना दोषी ठरविले. शिरूरमध्ये ज्या धोक्याचे कारण पुढे केले गेले, तो धोका खराच होता, हे यावरून दिसते. त्यावरील उपाय मात्र बाहेरच्या माणसांची नित्य ये-जा आणि प्रवेशितांशी प्रत्यक्ष संवाद हाच आहे.

गुणवत्तेचे निकष

अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये ‘समग्र संस्थे’चे वर्णन केले. तेथे झोप, काम व विरंगुळा एकाच छताखाली, एकाच अधिकाराखाली व सर्वांसाठी एकाच वेळापत्रकाने चालतो. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये त्याला उत्तर देणारे ‘सामान्यीकरणा’चे तत्त्व मांडले : दिवसाची, आठवड्याची व वर्षाची जी लय इतरांना लाभते ती या व्यक्तींनाही लाभावी. महाराष्ट्रात पालकांनीच प्रौढ मुलांसाठी उभ्या केलेल्या बदलापूरच्या ‘आधार’ किंवा डोंबिवलीजवळच्या खोणी येथील ‘घरकुल’ या संस्थांकडे या दृष्टीने पाहावयास हवे. अर्थात, संस्था लहान वा घरगुती असली म्हणजे आपोआप चांगली असते, असे नाही. तपासणीत खाटा, धान्यसाठा व नोंदवह्या मोजता येतात. न्हाणीघराला आतून कडी आहे काय, अंगावरचे कपडे स्वतःचे आहेत की सामाईक ढिगातले, गेल्या वर्षभरात कोण काय नवीन शिकले, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. गुणवत्ता या उत्तरांत असते.

‘आमच्या माघारी काय?’

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दौंड तालुक्यातील भीमाकाठच्या एका गावी एका आईने प्रस्तुत लेखकास विचारले होते, “सर, मी गेल्यावर हिचं कोण करणार?” मुलगी तिशीची होती. विशेष शाळेचा काळ केव्हाच संपला होता आणि मुलीला ‘संस्थेत टाकणे’ या कल्पनेचीच आईला भीती वाटत होती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समितीची तरतूद केली. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५ ने समाजात राहण्याचा हक्क दिला. परंतु कागदावरील पालक आणि आंघोळ घालणारे हात यांतील अंतर त्या आईला नेमके ठाऊक होते.

समारोप

शिरूरच्या घटनेतून एक साधा निकष हाती लागतो. संस्था व प्रवेशित यांच्यात अडचण निर्माण झाली असता बदल कोणात केला जातो? वेळापत्रक, कपडे, न्हाणीघर, कर्मचारी यांत बदल होत असेल तर ती काळजी. प्रवेशिताचे शरीर वा औषधाची मात्रा केवळ संस्थेच्या सोयीसाठी बदलली जात असेल तर ती व्यवस्थापनाची सोय. पुणे जिल्ह्यातील समाजशास्त्र, मानसशास्त्र व समाजकार्य विभागांनी आपापल्या तालुक्यातील निवासी संस्थांचा या निकषावर अभ्यास हाती घ्यावा. तो करताना अधीक्षकांच्या कार्यालयात बसण्यापूर्वी न्हाणीघर पाहावे आणि जे प्रवेशित बोलू शकतात त्यांच्याशी बोलावे. दौंडच्या त्या आईला आपली मुलगी विश्वासाने सोपविता येईल असे एखादे ठिकाण तिच्या हयातीत दाखविता आले, तरच तिच्या प्रश्नाला उत्तर दिले असे म्हणता येईल.