रोजनिशीतला ‘मी’ आणि रंगमंचावरचा ‘मी’ : पु. ल. देशपांडे

(वाशी, नवी मुंबई इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटलं असेल, की पुलंच्या खासगी डायऱ्यांतलं काहीतरी चमचमीत ऐकायला मिळणार. तसं काही होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला वेगळं बोलायचं आहे. सगळ्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस रात्री खोलीत एकटा बसून जे लिहितो, त्यात आपण नेमकं काय शोधतो? आणि जे शोधतो ते तिथं असतं का?

आपल्याकडे नाटकवाल्यांची आत्मचरित्रं भरपूर आहेत. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’, चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’, मामा वरेरकरांचा ‘माझा नाटकी संसार’, अत्र्यांचं ‘कऱ्हेचे पाणी’. एक कपाट सहज भरेल. पण नाटककाराची छापलेली रोजनिशी शोधायला गेलात तर हात रिकामाच राहतो. हे असं का, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

आत्मचरित्र आणि रोजनिशी यांत मूळ फरक काय? आत्मचरित्र लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. पहिल्या प्रयोगाला नाटक पडलं हे तो हसत सांगतो, कारण पुढं शंभर प्रयोग झाले हे त्याला माहीत असतं. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचंसुद्धा माहीत नसतं. पडलेलं नाटक त्या रात्री पडलेलंच असतं. नटाच्या भाषेत बोलायचं तर आत्मचरित्र हा प्रयोग आहे आणि रोजनिशी ही तालीम. आपल्या नाटकवाल्यांनी आपल्याला प्रयोग दाखवले, तालमीचं दार मात्र बंद ठेवलं.

इंग्रजीत हे दार काही वेळा उघडलं गेलं. नोएल कॉवर्ड हे नाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पुलंशी त्याची तुलना करावीशी वाटते, कारण दोघांची जात एकच. कॉवर्ड नाटकं लिहायचा, त्यांत काम करायचा, गाणी रचायचा, चाली लावायचा, स्वतः गायचा. ‘इन विच वुई सर्व्ह’ या १९४२च्या चित्रपटात लेखन, संगीत, मुख्य भूमिका आणि दिग्दर्शनातला वाटा, सगळीकडे तोच. आपल्याकडे ११ वर्षांनी, १९५३ साली, ‘गुळाचा गणपती’ आला. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका पु. ल. देशपांडे. कॉवर्ड १९५५ साली लास व्हेगासला एकट्याच्या जिवावर कार्यक्रम करून लोकांना जिंकत होता. पुलंनी थोड्याच वर्षांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं उभी केली.

कॉवर्डनं १९४१पासून १९६९पर्यंत रोजनिशी ठेवली. तो १९७३ साली गेला आणि १९८२ साली त्या रोजनिश्या पुस्तकरूपानं आल्या. संपादक दोघे होते : त्याचा आयुष्याचा जोडीदार ग्रॅहम पेन आणि चरित्रकार शेरिडन मॉर्ली. लोकांनी पुस्तक उघडलं ते गुपितांसाठी. हाती लागलं ते वेगळंच. नव्या पिढीचे नाटककार आले, समीक्षकांनी याला जुनाट ठरवलं, त्याची जळफळ तिथं आहे. आजारपणं आहेत, पैशांची काळजी आहे, आणि सगळ्यात जास्त आहे ते काम. आठवड्याभरात ‘ब्लाइद स्पिरिट’सारखं नाटक लिहून मोकळा होणारा हा माणूस लोकांना वाटायचा तितका सहज नव्हता. सहजपणा ही त्याची सगळ्यात कष्टाची निर्मिती होती. रोजनिशीनं हे दाखवलं, आणि माझ्या मते तिचं मोल तिथं आहे.

आता उलट बाजू बघा. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९६७ सालापर्यंत गुन्हा होते. म्हणजे त्या रोजनिशीची बहुतेक वर्षं कायद्याच्या टांगत्या तलवारीखाली लिहिली गेली. त्यामुळं खोलीत एकटा असतानाही कॉवर्ड पूर्ण एकटा नव्हता. आपलं लिहिणं कुणाच्या तरी हाती पडेल, हे धरून तो लिहीत होता. त्याच्या पुढच्या पिढीतला जो ऑर्टन तर आपल्या एजंटच्या सुचवण्यावरून रोजनिशी लिहू लागला, छापायची हे मनात धरूनच. डिसेंबर १९६६मध्ये सुरुवात केली, आणि ऑगस्ट १९६७मध्ये सोबत्याच्या हातून त्याचा खून झाला. त्या सोबत्यानं मागं ठेवलेल्या चिठ्ठीत रोजनिशीकडेच बोट दाखवलेलं होतं. खासगी, खासगी आपण म्हणतो, पण कलावंताच्या वहीलासुद्धा एक प्रेक्षक असतो. कधी तो पन्नास वर्षांनंतरचा असतो, कधी शेजारच्या खाटेवर झोपलेला.

आता घरी येऊ.

पुलंच्या बाबतीत आपली एक गंमत झालेली आहे. हा माणूस आपल्याला पूर्ण ठाऊक आहे असं आपल्याला वाटतं. का? तर ते सतत ‘मी’ म्हणून बोलले. पण हा ‘मी’ कोण आहे, ते जरा तपासा. ‘असा मी असामी’ हे तर सरळसरळ आत्मचरित्राच्या थाटाचं पुस्तक आहे, आणि ते आहे धोंडो भिकाजी जोशी या कारकुनाचं. प्रत्यक्ष पु. ल. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते, मग आकाशवाणीत, मग दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात तिथं. कारकुनाचं साधं, भांबावलेलं, बायकोला घाबरणारं आयुष्य हे त्यांचं आयुष्य नव्हतं. तरी आपण त्या ‘मी’ला पु. ल. समजून बसलो. त्यांच्या विनोदी लेखांतला ‘मी’ हे एक पात्र आहे. ‘तुझे आहे तुजपाशी’तले काकाजी जितके रचलेले, तितकाच तोही रचलेला. मराठीत विनोदी लेखकाच्या ‘मी’वर जेवढा विश्वास टाकला जातो, तेवढा कादंबरीकाराच्याही टाकला जात नाही.

म्हणून ‘मुक्काम शांतिनिकेतन’ हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं. पन्नाशीच्या आसपास पु. ल. बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. त्या मुक्कामातून ‘वंगचित्रे’ हे पुस्तक १९७४ साली आलं, ते सगळ्यांना माहीत आहे. तिथली रोजनिशी मात्र ‘मुक्काम शांतिनिकेतन’ म्हणून त्यांच्या पश्चात आली. एकच अनुभव, एकच लेखक आणि दोन पुस्तकं : एक वाचकांपुढं ठेवण्यासाठी घडवलेलं, दुसरं तारखेच्या खुंटीला अडकवलेलं. अभ्यासकाला अशी जोडी मराठीत क्वचित मिळते. आणि आपण काय केलं? ‘वंगचित्रे’ वाचलं, रोजनिशी ‘राहिलेलं काहीतरी’ म्हणून बाजूला ठेवली.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, एवढीच माझी विनंती आहे. प्रवासवर्णनात प्रसंग निवडलेला असतो. त्याला सुरुवात असते, टोक असतं, टोकावर हशा किंवा हळवेपणा असतो. रोजनिशीत दिवस निवडता येत नाही. जो आला तो लिहायचा. तिथं प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी टाळी घेण्याची सोय नाही. महाराष्ट्रात रस्त्यानं चालणं मुश्कील व्हावं इतका लाडका झालेला माणूस अशा जागी जाऊन बसतो, जिथं त्याचा मराठी वाचक नाही आणि तो फक्त एक प्रौढ विद्यार्थी आहे. मला या निवडीतच एक मोठं विधान दिसतं. टाळीपासून काही दिवस लांब राहायची गरज त्यांना वाटली असावी. हा माझा तर्क आहे, पण रोजनिशीच्या रूपानं तो मला बळकट वाटतो. विनोदकाराला विनोद करावा न लागण्याची जागा म्हणजे त्याची वही.

इथं कुणी म्हणेल, की अहो, मग खरे पु. ल. हेच का? नाही. इथंच आपण घसरतो. रोजनिशीतला माणूस खरा आणि मंचावरचा खोटा, असं समीकरण मांडणं म्हणजे नटावर अन्याय आहे. मंचावरचे पु. ल.सुद्धा खरेच होते, तीन-तीन तास घाम गाळणारे. वही आपल्याला दुसरा माणूस देत नाही. त्याच माणसानं काय वगळलं, हे ती दाखवते. आणि काय वगळलं हे कळल्याशिवाय जे ठेवलं त्याची किंमत कळत नाही.

या गोष्टीचा तिसरा भाग सुनीताबाईंचा आहे. ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं. पु. ल. तेव्हा हयात होते, पुढं दहा वर्षं होते. १२ जून १९४६ला त्यांचं लग्न झालं आणि १२ जून २०००ला पु. ल. गेले. एवढ्या सहवासाची आतली नोंद एका बाईनं नवरा जिवंत असताना लोकांपुढं ठेवली. काळाच्या क्रमानं जाणारं ते पुस्तक नाही. आठवण जिथं नेईल तिथं ते जातं. पण त्यातली नजर रोजनिशीची आहे : बारीक, हिशोबी, स्वतःलाही न सोडणारी. लाडक्या माणसाचं पोरकटपण, आपल्यातच रमणं, घरातल्या कामाचं ओझं कुणावर पडतं ते, सगळं तिथं आहे. अनेक वाचक दुखावले. आमच्या पुलंबद्दल असं कसं लिहिलं, म्हणून.

मला या रागाचा अर्थ असा लागतो : वाचकांनी पुलंच्या रचलेल्या ‘मी’ला घरात आणून बसवलं होतं, आणि सुनीताबाईंनी त्याच्या पाठीमागं राहणारा माणूस दाखवला. आपल्याला रोजनिशी हवी असते, पण आपल्या पसंतीची. मराठी रंगभूमीवरच्या मोठ्या पुरुषांनी वही उघडली नाही, ती त्यांच्या घरातल्या बाईनं उघडली, आणि बोलणी तिनं खाल्ली. नीतीच्या दृष्टीनं तिचं पुस्तक मला जास्त सरळ वाटतं. ज्याच्याबद्दल लिहिलं तो उत्तर द्यायला समोर होता. मरणोत्तर रोजनिशीत ज्यांची नावं येतात, त्यांच्यातल्या कित्येकांना ही सोय मिळत नाही.

मग छापावं की छापू नये? आपल्या इतिहासात याचा एक धडा आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, १८५७च्या धामधुमीतला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली छापला, पण मजकुरात फेरफार करून, सोवळा करून. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापला, म्हणजे जवळजवळ ६० वर्षांनी. मधल्या पिढ्यांनी जे वाचलं ते भटजींचं आणि वैद्यांचं मिळून झालेलं पुस्तक होतं. तरी हे शक्य झालं ते कशामुळं? मूळ हस्तलिखित कुणी फेकलं नाही म्हणून. कापलेलं पुन्हा जोडता येतं, जाळलेलं नाही.

हे मी नवी मुंबईत मुद्दाम बोलतो आहे. इथलं नाट्यगृह विष्णुदास भाव्यांच्या नावाचं आहे. १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या त्या माणसाचं. आपल्या या शहरात गिरगाव-दादर सोडून आलेली, कोकणातून, घाटावरून आलेली किती कुटुंबं आहेत! त्यांत जुन्या नाटक मंडळ्यांत, कामगार रंगभूमीवर, आकाशवाणीवर काम केलेले आजोबा-पणजोबा असतील. त्यांच्या वह्या माळ्यावर असतील. आता इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सामान आवरताना पहिली जाते ती रद्दी.

माझं म्हणणं इतकंच, की वही सापडली तर तीन गोष्टी करा. पहिली, फाडू नका, आणि आजोबा चांगले दिसावेत म्हणून पानं गाळूही नका. दुसरी, लगेच मोबाइलवर फोटो काढून सगळ्या ग्रुपांत पाठवू नका. त्यात जिवंत माणसांची नावं असतात. तिसरी, एखाद्या ग्रंथालयाशी किंवा संशोधन संस्थेशी बोला, आणि अमुक वर्षं उघडू नये अशी अट हवी तर घाला. अट घालण्यात लाज नाही. कायद्यानंही लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो, तेव्हा घाई कुणालाच नाही.

आणि वाचक म्हणून एक. पुलंचे विनोद आज मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ फिरतात. त्यातले काही त्यांचे नसतातही. आणीबाणीविरुद्ध १९७७ साली प्रचारसभांतून संतापून बोलणारे पु. ल., शांतिनिकेतनात वही घेऊन वर्गात बसणारे पु. ल., त्या फॉरवर्डमध्ये येत नाहीत. आपण त्यांना जितकं लाडकं केलं तितकं लहान केलं. रोजनिशी वाचायची ती यासाठी. गुपित कळावं म्हणून वाचायला गेलात तर निराश व्हाल. हा माणूस काम कसं करत होता, कुठं थकत होता, काय ठेवत होता आणि काय टाकत होता, हे कळावं म्हणून वाचलीत, तर ‘वाऱ्यावरची वरात’ पुन्हा बघताना तुम्हाला हसू तर येईलच, पण त्या हसण्यामागची मेहनतही दिसेल.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.